ताळा

गणित सोडवताना तिची नजर वहीवर कमी आणि माझ्या चेहऱ्यावर जास्त असायची. एक ओळ लिहायची, मान वर करायची आणि विचारायचं, "बरोबर आहे का, आजी?" मी हो म्हटलं की पुढची ओळ. मी गप्प राहिले की खोडरबर. एकदा मी चेहऱ्यावर काहीच दिसू दिलं नाही. तिने ४७ गुणिले २३ चं उत्तर १०८१ काढलं होतं. अगदी बरोबर. दोन क्षण तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ आत घेतले आणि ते उत्तर खोडून टाकलं. त्या जागी कागद इतका झिजला होता की मागच्या पानावरचे आकडे उलटे दिसत होते.

ती आमच्या खालच्या मजल्यावरची. सातवीत, सेमी इंग्रजीला. वडील टेम्पो चालवतात, आई शिवणकाम करते आणि बचत गटाचं काम बघते. पहिल्या दिवशी आई तिला सोडायला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "हिचं गणित फार कच्चं आहे हो. माझंही कच्चंच होतं." मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती. घराण्यातल्या एखाद्या जुन्या दुखण्याविषयी बोलणं चालावं तसं ते बोलणं झालं, आणि तिने तशीच मान खाली घातली.

मी शिक्षिका नव्हे. ३४ वर्षं बँकेत होते, आता निवृत्त होऊन नाशिक रोडला राहते. पण गणिताची भीती पोटात कुठे बसते ते मला ठाऊक आहे, आणि माझी भीती कुठल्या संध्याकाळी गेली तेही आठवतं.

आमचं सिन्नर तालुक्यात किराण्याचं लहानसं दुकान होतं. वडील चौथीपर्यंत शिकलेले, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळी तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. गिऱ्हाइकाने साडेतीन किलो मागितलं की पुडीला दोरा गुंडाळून होईपर्यंत वडिलांच्या तोंडात रक्कम तयार असायची. शाळा सुटली की मी गल्ल्याशेजारच्या पोत्यावर बसायची आणि तेच करायला शिकायची. पंचवीस पैशांना साबणाचा एक तुकडा, अठरा तुकड्यांचे किती? चारांचा रुपया, सोळांचे चार रुपये, वर राहिले दोन, त्यांचे आठ आणे. साडेचार रुपये. यात पाठ केलेलं फार थोडं होतं, बाकीचं डोळ्यांसमोर दिसायचं. मला ते फार आवडायचं.

सहावीत वर्गात १८ गुणिले २५ आलं. मी तसंच लिहिलं: चार पंचवीस शंभर, सोळा पंचवीस चारशे, दोन पंचवीस पन्नास, एकूण ४५०. वहीवर लाल फुली आली. "रीत कुठाय? इथे दुकानदारी चालणार नाही." उत्तर बरोबर होतं, पण त्याविषयी चकार शब्द निघाला नाही. मला तास संपेपर्यंत उभं राहावं लागलं. त्या दिवसापासून मी वर्गात स्वतःच्या डोक्याने गणित करणं बंद केलं. फळ्यावर जे येईल ते उतरवायचं, आणि उतरवलेलं बरोबर की चूक हे दुसऱ्या कुणीतरी सांगायचं. दहावी पास झाले, पुढे बी.कॉम. झाले, पण आतून मी त्या तासाला उभीच होते.

पुष्कळ वर्षांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातल्या मुलांविषयी वाचलं. तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे ते. रस्त्यावर नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी गिऱ्हाईक होऊन विचारलं, एक नारळ ३५ ला, तर दहा नारळांचे किती? शाळेत तर दहाने गुणायचं म्हणजे एक शून्य वाढवायचं, एवढंच. मुलाने ते केलं नाही. तो म्हणाला, तीन नारळांचे १०५, आणखी तीन म्हणजे २१०, अजून चार हवेत, म्हणजे ३१५... ३५०. वाचता वाचता मला साबणाच्या तुकड्यांचा वास आला. अशी बाजारातली गणितं त्या मुलांनी शंभरात अठ्ठ्याण्णव बरोबर सोडवली. तेच आकडे कागदावर, शाळेच्या थाटात मांडून दिले तेव्हा शंभरात जेमतेम सदतीस. मुलं तीच होती आणि आकडेही तेच.

२०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारांतल्या मुलांविषयी जे मांडलं तेही असंच आहे. भाजीची अवघड बेरीज-वजाबाकी तोंडी करून सुटे पैसे परत देणारी मुलं वहीतल्या साध्या भागाकाराला अडतात. आणि याची दुसरी बाजूही तितकीच खरी निघाली. वहीत चांगले गुण मिळवणारी शाळकरी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडतात. दोन्हीकडे मुलांना येतंय, पण एका ठिकाणचं येणं दुसऱ्या ठिकाणी सोबत जात नाही. मधली भिंत कुणी बांधली, हे शोधायला मला फार लांब जावं लागत नाही.

१९८१ मध्ये मी बँकेत क्लार्क म्हणून लागले. कॉम्प्युटर यायचे होते. बचत खात्यांची जाडजूड लेजरं, आणि महिन्याला त्यांचं बॅलन्सिंग. प्रत्येक खात्याची शिल्लक उतरवून काढायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी जुळवायची. एक जण आकडे पुकारायचा, दुसरा लिहायचा. माझ्या पहिल्याच बॅलन्सिंगला १८ रुपयांचा डिफरन्स आला. तीन वेळा बेरीज केली, तिन्ही वेळा १८. रात्रीचे आठ वाजले, शाखेतले पंखे एकेक करून बंद व्हायला लागले, आणि माझ्या घशात ती जुनी सहावीतली गाठ आली. आता कुणीतरी उभं करणार.

आमचे हेड कॅशिअर खुर्ची ओढून शेजारी बसले. पन्नाशीचे गृहस्थ, कपाळाला बुक्का, खिशाला दोन पेनं. त्यांनी चूक कुणाची हे विचारलंच नाही. म्हणाले, "ताई, घाबरू नका. डिफरन्स काय सांगतोय ते आधी ऐका. नऊने भाग जातोय का त्याला?"

"जातो."

"मग कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालीये. दोन नव्वं अठरा, म्हणजे अदलाबदल झालेल्या आकड्यांमध्ये दोनाचं अंतर असणार. पाच-तीन, सहा-चार, सात-पाच असं काही दिसतंय का बघा."

दहा मिनिटांत सापडलं. एका खात्यात ४,२५३ होते, मी ४,२३५ लिहिले होते. त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत मला आणखी दोन खुणा सांगितल्या. फरक नेमका दहा, शंभर किंवा हजार असेल तर हातचा चुकलाय, बेरीज तपासा. फरकाची निमपट करून बघा. तेवढ्या रकमेची नोंद सापडली तर ती जमेऐवजी नावे पडलीय, किंवा नावेऐवजी जमेला. शेवटी म्हणाले, "चूक कधी मुकी नसते. ती आपला पत्ता स्वतःच सांगते."

नऊच का, हे त्यांनी दहाच्या आणि रुपयाच्या नोटा टेबलावर मांडून दाखवलं. त्रेपन्न म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि रुपयाच्या तीन. पस्तीस म्हणजे दहाच्या तीन आणि रुपयाच्या पाच. म्हणजे दहाच्या दोन नोटा उचलल्या आणि त्यांच्या जागी रुपयाच्या दोन ठेवल्या. दर नोटेमागे नऊ रुपये गेले. दोन नोटांचे अठरा. शाळेत स्थानिक किंमत या नावाखाली मी जे घोकलं होतं, ते त्या रात्री पहिल्यांदा हातात आलं. घरी जाताना सिन्नरच्या शेवटच्या एसटीत मी बसल्याबसल्या पाट्यांवरचे आकडे उलटे करून वजा करत होते आणि दर वेळी नऊची पट येत होती. अंधारात एकटीच हसत होते.

माझी भीती त्या संध्याकाळी गेली. मागे वळून बघताना वाटतं, गणित तेव्हा सोपं झालं नव्हतं. बरोबर-चूक ठरवायचा अधिकार माझ्या हातात आला होता, तेवढाच फरक पडला होता. बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवायची असते. साहेबांना आवडली म्हणून रोकड जुळत नाही आणि ते रागावले म्हणून बिघडत नाही. मोजलेले पैसे आणि लिहिलेले पैसे समोरासमोर ठेवायचे, बस्स. या जुळवून बघण्याला आपल्याकडे एक जुना, देखणा शब्द आहे. ताळा. शाळेतही तो होता. भागाकार झाला की भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, आणि मूळ भाज्य परत हातात आलं पाहिजे. वजाबाकी झाली की बेरीज करून बघायची. माझ्या वडिलांच्या पाटीवर ताळ्याची जागा ठरलेली असायची, खाली उजवीकडे. मुलांच्या हल्लीच्या वह्यांत मला ती जागा दिसत नाही. तिथे आता बाईंची सही असते किंवा पुस्तकामागच्या उत्तरांशी जुळवलेली टिकमार्क.

माझं म्हणणं एवढंच आहे की, मुलाच्या हातून ताळा गेला की त्याच्या हातून गणितच जातं. भाषेत, इतिहासात बरोबर काय ते पुस्तक आणि शिक्षक सांगणार, तिथे इलाज नाही. पण नऊ वर्षांचं पोर कुणालाही न विचारता, स्वतःच्या पेन्सिलीने, आपण बरोबर आहोत हे सिद्ध करू शकतं असा विषय हा एकच. आणि याच विषयात आपण मुलांना सर्वांत जास्त चेहरे बघायला लावतो.

म्हणून त्या मुलीला मी आधी नऊचा ताळा शिकवला. शिकवला म्हणण्यापेक्षा खेळायला दिला. ४७ चे अंक मिळवून ११, त्याचे अंक मिळवून २. तेवीसचे ५. दोन पंचे दहा, त्याचा १. आता उत्तराकडे जा. १०८१ चे अंक मिळवले की १०, त्याचा १. एकाला एक जुळला. तिने पुन्हा करून पाहिलं. मग आपल्या जुन्या वहीतले गुणाकार काढून एकेक तपासत बसली. तासभर तिने मला काही विचारलं नाही. मी आत जाऊन भाकरी करून आले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती घाईघाईने जिना चढून आली, चप्पल एक दाराच्या आत आणि एक बाहेर. "आजी, तुमचा ताळा फसवतो!"

"कसा गं?"

"मी १०८१ च्या जागी चुकून १८०१ लिहिलं तरी बेरीज दहाच येते. म्हणजे ताळा जुळला तरी उत्तर चुकीचं असू शकतं."

माझ्या हेड कॅशिअरांचीच गोष्ट तिने दुसऱ्या टोकाने पकडली होती. अदलाबदल झाली की फरक नऊच्या पटीत येतो, आणि म्हणूनच नऊचा ताळा अदलाबदलीला आंधळा असतो. मी तिला नोटा काढून दाखवल्या. मग विचारलं, "अशा वेळी काय करशील?" ती जरा वेळ खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. म्हणाली, "४७ म्हणजे जवळजवळ पन्नास. २३ म्हणजे वीसला थोडे जास्त. पन्नास गुणिले वीस म्हणजे हजार. मग अठराशे कसे येतील?" हा अंदाज मी तिला सांगितलेला नव्हता. आठ दिवसांपूर्वी बरोबर उत्तर खोडणारी मुलगी आज माझ्या ताळ्याची चूक काढत होती, आणि ती काढताना माझ्या चेहऱ्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं.

नोटांवरून आणखी एक गोष्ट निघाली. मी विचारलं, ५३ चे ३५ तू कधी लिहितेस? ती म्हणाली, कुणी मराठीत सांगितलं की. त्रेपन्न म्हटलं की कानाला आधी तीन ऐकू येतो, हात आधी तीन लिहितो. माझ्या ४,२५३ चं काय झालं होतं ते मला तेव्हा कुठे कळलं. पुकारणाऱ्याने दोनशे त्रेपन्न म्हटलं होतं आणि रात्री दमलेल्या हाताने कानाचं ऐकलं होतं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन, पन्नास तीन अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गहजब झाला होता! चेष्टा झाली, विधानसभेपर्यंत विषय गेला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष तेव्हा मंगला नारळीकर होत्या, गणितगप्पा लिहिणाऱ्या. जोडाक्षरं असलेल्या, उलट्या क्रमाच्या संख्यानामांनी लहान मुलं बावरतात, त्यांना आधी सोप्या क्रमाने वाचू द्या, जुनी नावंही आहेतच, हे त्या शांतपणे परत परत सांगत राहिल्या. त्या २०२३ मध्ये गेल्या. त्या वेळी मलाही तो बदल रुचला नव्हता. त्रेपन्न, शहाऐंशी, एकोणसत्तर हे शब्द म्हणजे माझ्या वडिलांचा आवाज आहे, आणि ते जिभेवरून जाऊ नयेत असं मला आजही मनापासून वाटतं. पण अठरा रुपयांसाठी रात्री आठपर्यंत बसलेल्या बाईला नारळीकरबाईंचं म्हणणं आज पटतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला लिहायचं ज्या क्रमाने, त्या क्रमाने ऐकू येऊ दे. पन्नास तीन, म्हणजे त्रेपन्न. दोन्ही शब्द हातात हात घालून आले तर कुठे बिघडलं?

आमच्या नाशिक रोडला लागूनच देवळाली. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शिकवत. जन्म डहाणूचा, १९०५ चा; कॉलेज फर्ग्युसन. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली जागा नाही. शाळामास्तर. पण संख्यांचं वेड असं की लोक त्यांना गणितानंद म्हणत. १९४९ मध्ये त्यांना सापडलेली गंमत मी त्या मुलीला आणि तिच्या धाकट्या भावाला एका पावसाळी दुपारी दिली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा.

भावाने देश स्वतंत्र झाला ते साल घेतलं. ९७४१ वजा १४७९ म्हणजे ८२६२. मग ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. त्याचे ३०८७. त्याचे ८३५२. त्याचे ६१७४. आणि ६१७४ चं पुन्हा तेच केलं तर? ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. तो थांबला, वहीकडे बघत राहिला आणि पुन्हा केलं. मग बहिणीने आपल्या मनातली संख्या घेतली, तीही ६१७४ वर येऊन थांबली. कुठूनही निघा, फार तर सात पावलांत तिथेच. दोघांनी दिवाणावर पसरून पानामागून पान भरलं. मध्येच कुणाचं तरी तिथे पोचेना तेव्हा मुलगी म्हणाली, "थांब, तुझी वजाबाकी चुकली असणार. माझ्या सगळ्या उत्तरांच्या अंकांची बेरीज अठरा येतेय. तुझी सोळा कशी?" मी काही सांगितलं नव्हतं. अंकांची अदलाबदल करून वजा केलं की नऊ हजर होणारच, आणि तोच इथे चुकांवर पहारा देत बसला होता. बेरीज अठरा यायची, क्वचित सत्तावीस. तेवढ्यावरून ती भावाच्या चुका धरत होती आणि भाऊ जराही न रागावता दुरुस्त करत होता, कारण त्यालाही ते स्वतः दिसत होतं.

कापरेकरांच्या कामाला आपल्याकडच्या मोठ्या गणितज्ञांनी फारसं मोजलं नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या अमेरिकेतल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं तेव्हा जगाने नाव ऐकलं. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. मला त्यांचं मोठेपण यात वाटतं की मधली सगळी वर्षं त्यांनी कुणाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. ६१७४ येतो की नाही हे बघायला त्यांना कुणाच्या शिफारशीची गरज नव्हती.

गुण मिळाले की आत्मविश्वास आपोआप येतो, असं पालक मला नेहमी सांगतात. तसं होत नाही. टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी १९९५ पासून दर चार वर्षांनी होते. तीत चौथी-आठवीच्या मुलांना गणितं देतात, आणि गणित आवडतं का, आपल्याला जमतं असं वाटतं का, हेही विचारतात. जपान, कोरिया, तैवानची आठवीतली मुलं गुणांत जगाच्या पुढे असतात आणि या दोन प्रश्नांना उत्तर देताना सर्वांत मागच्या रांगांत. एकाच देशातली मुलं घेतली तर ज्यांना खात्री वाटते त्यांचे गुण जास्त असतात, हेही त्याच चाचणीत दिसतं. पण गुणांनी खात्री विकत घेता येत नाही, एवढं त्या पुढच्या देशांकडे बघून कळतं.

आणि खात्री नसणं सांसर्गिक असतं. अमेरिकेत सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं की पहिली-दुसरीच्या शिक्षिकेच्या मनात गणिताची धास्ती असेल तर वर्षअखेर वर्गातल्या मुलींच्या मनात गणित हे मुलग्यांचं काम हा समज बळावतो आणि त्यांचं गणित मागे पडतं, मुलग्यांवर तसा परिणाम दिसत नाही. ते वाचलं आणि आमच्या दारातलं वाक्य आठवलं. माझंही कच्चंच होतं. खरं तर पंधरा बायकांच्या बचत गटाचा हिशेब ही बाई दर महिन्याला ठेवते. कर्ज, हप्ता, व्याज, दंड, सगळं. पण त्याला ती गणित म्हणत नाही.

धाकट्याची गोष्ट सांगायची राहिली. पाचवीतला, सायकलची चेन बसवण्यात पटाईत, वहीशी वैर. त्याला मी ११५० सालच्या लीलावतीतलं भुंग्यांचं गणित गोष्ट म्हणून सांगितलं. थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोघांतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा उरला, केतकी आणि मालतीच्या वासाने दोहोंच्या मध्ये घिरट्या घालत. भुंगे किती? बहीण क्ष मांडायला लागली. तो छताकडे बघत म्हणाला, "भुंग्याचे तुकडे थोडेच होतात? पाचानेही भाग गेला पाहिजे आणि तिनानेही. पंधरा असतील." मग बोटांवर मोजत: तीन, पाच, फरक दोन, तिप्पट सहा, आणि एक. "पंधरा! झाले."

बहीण म्हणाली, "ही काय रीत झाली?"

माझ्या अंगावर काटा आला. पंचावन्न वर्षांपूर्वीचं वाक्य. मी दोघांना सांगितलं की लीलावतीत इष्टकर्म नावाची रीतच आहे. मनाला येईल ती संख्या धरायची, तिच्यावर सगळं करून बघायचं, आणि किती आलं त्यावरून प्रमाणाने खऱ्या उत्तराकडे जायचं. भास्कराचार्यांनी पोरांना धरून बघायची मुभा पावणेनऊशे वर्षांपूर्वी दिलेली आहे. मुलगा लगेच म्हणाला, "मग तीस धरले तर?" सहा, दहा, फरक चार, तिप्पट बारा, मिळून अठ्ठावीस. दोन उरले. एकच उरायला हवा होता. "म्हणजे निम्मे," तो म्हणाला, आणि सायकलकडे पळाला.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी बचत गटाची बैठक होती. रात्री मी वाटी परत करायला खाली गेले तेव्हा बायका निघून गेल्या होत्या. शिलाई मशीनच्या फळीवर रजिस्टर उघडं होतं, शेजारी सुट्या पैशांचे ढीग. आई डोक्याला हात लावून बसलेली. "सत्तावीस रुपये जुळत नाहीयेत. मी म्हटलं ना, माझं गणित..."

मुलीने रजिस्टर आपल्याकडे ओढलं. "सत्तावीसला नऊने भाग जातो," ती पुटपुटली. "तीन वेळा. तिनाचं अंतर." तिचं बोट हप्त्यांच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं, मध्ये एकदा थांबलं, पुढे गेलं, परत वर आलं. एका पावतीवर ८६३ होते. रजिस्टरमध्ये ८३६. आई जवळ सरकली आणि दोन्ही आकड्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. मुलीने पट्टीने रेघ मारली, वर दुरुस्त आकडा लिहिला आणि खालची बेरीज नव्याने मांडायला घेतली.

आईने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे का हो ते, आजी?"

मुलगी मान वर न करता म्हणाली, "थांब गं आई, ताळा करू दे."